धानाच्या बांधीतले नाट्यगृह

दिवाळी झाली की आमच्या गावात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे हलक्या धानाची कापणी आटोपून चुरणे चाललेले असते आणि दुसरीकडे, गावाला लागून असलेल्या एखाद्या मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पंधरावीस तरुण फावडी आणि घमेली घेऊन माती उपसत असतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटावे की येथे बोडी, म्हणजे लहान तळे, खोदली जात आहे, पण ते असते नाट्यगृह. जमीन अशा बेताने उतरती खणायची की रंगमंचाजवळ खड्डा सर्वांत खोल असावा आणि मागे जाता जाता तो जमिनीच्या पातळीला येऊन मिळावा. मग शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून रंगमंच सरळ दिसतो. खड्ड्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायची, भोवती कनाती लावायच्या, वर मंडप चढवायचा, आणि संध्याकाळपर्यंत हजारो माणसांची बसण्याची सोय तयार होते. माझ्या आबाजींनी तरुणपणी हे खोदकाम केले, बाबांनी केले आणि मीही कॉलेजला जाईपर्यंत दरवर्षी केले. आता पुण्यात राहतो, तरी नाटकाच्या रात्री त्या तणसावर बसल्याशिवाय वर्ष पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

हे झाडीपट्टीतले चित्र आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे व नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा काही भाग मिळून जो जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. मराठी रंगभूमीच्या इतिहासाची सुरुवात 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या सीतास्वयंवराच्या प्रयोगापासून सांगितली जाते, मग कथा पुण्यामुंबईला येते आणि बहुधा तेथेच राहते. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर तिकीट काढून रात्र रात्र नाटक पाहणारा शेतकरी त्या कथेत फार तर एखाद्या वाक्यापुरता येतो. त्याची तक्रार करत बसण्याचा माझा हेतू नाही. ही रंगभूमी कशी चालते, ती कोणाची आहे आणि तिने आता काय करावे असे मला वाटते, एवढेच मला लिहायचे आहे.

नाटकाचा हंगाम भाऊबीजेच्या सुमारास उघडतो आणि होळीच्या आसपास उतरतो. या काळात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, काही गावांत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असतो, आणि मंडई किंवा पट म्हटला की त्या रात्री नाटक असायलाच हवे. आठवडाभर आधीपासून सोयऱ्याधायऱ्यांना निरोप जातात, ‘मंडईले येजा, नाटक आहे.’ लेकी माहेरी येतात, जावई येतात, आणि लग्नाच्या वयातली मुले-मुली ज्या घरांत आहेत तेथे मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही याच दोन दिवसांत उरकला जातो. माझ्या आत्याचे लग्न अशाच एका मंडईत जुळले. दिवसभर घराघरांत कढईत वडे तळले जातात आणि रात्री दहाच्या सुमारास पाहुण्यांसह सारे घर चादरी, शाली, घोंगड्या घेऊन खड्ड्याकडे निघते. नाटक पहाटे चार-पाचला संपते, म्हणजे पाहुणा मुक्कामी राहिला काय आणि न राहिला काय, रात्र नाटकातच जाते. एखाद्या मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन मंडळांची नाटके निरनिराळ्या बांध्यांत चालतात आणि तरीही खड्डे भरतात.

या व्यवस्थेचे केंद्र वडसा. सरकारी कागदावर त्याचे नाव देसाईगंज आहे, पण नाटकवाले वडसाच म्हणतात. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे स्थानक कित्येक वर्षे गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव स्थानक होते, त्यामुळे बाहेरून येणारे कलावंत येथे उतरत आणि नाट्यसंस्थांनी येथेच बस्तान बांधले, हे ओघानेच आले. हंगामाच्या तोंडावर या संस्थांची कार्यालये उघडतात आणि गावोगावची मंडळे तेथे येऊन नाटक, तारीख आणि रक्कम ठरवतात. खर्चाचा भार उचलते ते गावातले मंडळ. तिकिटे विकायची, खड्डा खणायचा, विजेची आणि मंडपाची सोय करायची, कलावंतांचे जेवण पाहायचे आणि पाऊस पडला किंवा गर्दी फिरली तर तोटा सोसायचा, हे सारे मंडळाच्या अंगावर असते. फायदा झाला तर त्यातून देवळाचा ओटा बांधला जातो किंवा पुढच्या वर्षासाठी भांडी घेतली जातात. नाट्यसंस्था नाटक आणते, पण ते करते गाव, आणि म्हणूनच ते पडले तर गावाला आपली अब्रू गेल्यासारखे वाटते.

शंकरपटावर 2014 साली न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली तेव्हा गावच्या पाहुण्यांशी नाटक किती बांधलेले आहे याची प्रचीती आली. पट बंद झाल्यावर पटाच्या गावांत पाहुण्यांचा ओघ आटला आणि त्याबरोबर नाटकांच्या तारखाही आटल्या. शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली ती 2021 च्या अखेरीस, आणि मधल्या काळात करोनाने एक हंगाम जवळजवळ पूर्ण गिळला होता. त्या वर्षी आमच्या ओळखीचे एक हार्मोनियमवादक दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला गेले. या रंगभूमीवरचे बहुतेक कलावंत मुळात शेतकरी किंवा शेतमजूरच आहेत. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीपर्यंत कापणी आणि मग तोंडाला रंग, असे त्यांचे वर्ष असते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचे पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका यांचा उल्लेख सगळीकडे झाला. मला त्या आकड्यांपेक्षा त्यांचे शेतकरी असणे मोठे वाटले. त्या बातमीच्या दिवशी आमच्या गावात पेढे वाटले गेले, आणि वाटणाऱ्यांपैकी कोणाचीही त्यांच्याशी ओळख नव्हती.

या नाटकाच्या मुळाशी दंडार आहे. धान घरात येण्याच्या दिवसांत गावातलेच पुरुष स्त्रीवेष घेऊन, ढोलकीच्या साथीने रात्रभर जो खेळ करीत, ती दंडार. तिच्याबरोबर शाहिराची खडी गंमत होती, दंडीगान होते, गोंधळ होता. या खेळांना पडदा नव्हता आणि लिखित संहिताही नव्हती. प्रसंग ठरलेला असे आणि बोलणे त्या रात्री सुचेल तसे होई. पुढे संगीत नाटकांच्या संहिता या भागात पोहोचल्या, गावातल्या शिकलेल्या माणसांनी त्या बसवल्या आणि रंगवलेले पडदे आले. मात्र दंडारीने लावलेल्या सवयी गेल्या नाहीत. रात्रभर बसणे, प्रसंगाच्या मध्येच प्रेक्षकांशी बोलणे आणि करुण प्रसंगाच्या पाठोपाठ हसवणे, हे आजच्या झाडीपट्टीच्या नाटकात तसेच आहे. आबाजी सांगत की त्यांच्या तरुणपणी एका नाटकासाठी गावातली माणसे चार-चार महिने तालीम करीत, बायकांची कामे पुरुषच करीत, आणि ज्याला वाचता येत नसे त्याला दुसरा कोणीतरी रोज रात्री कंदिलाच्या उजेडात ओळ-ओळ पाठ करून घेई. आबाजींना स्वतःला लिहिता येत नव्हते, आणि तरीही शेवटच्या आजारपणात ते अख्ख्या अंकाची भाषणे म्हणून दाखवीत.

शहरातल्या मित्रांना मी दोन वेळा नाटकाला नेले आहे. त्यांचे मत जवळपास सारखे पडले. अभिनय भडक आहे, संवाद लांब आहेत, गाणी फार आहेत, असे ते म्हणाले. निरीक्षण म्हणून ते खोटे नाही. परंतु डिसेंबरच्या थंडीत, रात्री अडीच वाजता, मांडीवर झोपलेले मूल घेऊन बसलेल्या बाईपर्यंत खड्ड्याच्या शेवटच्या टोकाला दुःख पोहोचवायचे असेल, तर आवाज आणि हात दोन्ही मोठे करावे लागतात. कुजबुजीच्या अभिनयाला तेथे जागाच नसते. गाणे येते ते प्रेक्षक पेंगू लागतो तेव्हा, आणि विनोदी जोडी येते ती डोळे पुसून झाल्यावर. रात्र कशी चढते आणि कशी उतरते याचे एक पक्के गणित या लोकांच्या अंगी मुरलेले असते. दिवसभर गाडीत झोप घेत, रोज नव्या गावात नव्या खड्ड्यापुढे उभे राहणारा नट ते गणित कोणत्याही शाळेत शिकलेला नसतो.

त्यातही विनोदी नटाचे एक काम मला नेहमी थक्क करते. तो संध्याकाळी गावात उतरला की चहाच्या टपरीवर, देवळाजवळ, मंडळाच्या माणसांजवळ बसून विचारपूस करतो. कोणता तलाव फुटला, कोणत्या रस्त्यावर खडी पडून दोन वर्षे झाली, धानखरेदी केंद्रावर काय घोळ आहे, वाघ कोणत्या बाजूला फिरतो आहे, हे त्याला तासाभरात कळते. रात्री यातल्या चार गोष्टी संवादात अशा पेरलेल्या असतात की खड्डा दणाणून जातो. एका वर्षी आमच्या गावच्या पाटाच्या पाण्यावरून चाललेले भांडण अशा रीतीने रंगमंचावर आले, आणि दोन्ही पक्षांची माणसे एकाच तणसावर बसून हसली. लिहिलेल्या संहितेत त्यातला एक शब्दही नव्हता.

आता मला सलते ते सांगतो. हा नट बोलतो ती झाडीबोली. ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येणारी, डोळ्याला ‘डोरा’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणणारी ही आमच्या घरातली भाषा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने तिच्यासाठी आयुष्य वेचले, तिची साहित्य संमेलने भरतात, तिच्यात कविता लिहिली जाते. पण मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक, नायिका, करारी बाप आणि सोसणारी आई ही सारी माणसे प्रमाण मराठी बोलतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी नोकराच्या, भोळ्या शेजाऱ्याच्या किंवा दारुड्याच्या तोंडी. प्रेक्षकाला ती ऐकून आनंद होतो यात शंका नाही, कारण आपले बोलणे माइकवरून ऐकण्याचा आनंद वेगळाच असतो. मात्र वर्षानुवर्षे असे ऐकत आलेल्या मुलाच्या मनात आपली भाषा हसण्यासाठी आणि दुसरी भाषा रडण्यासाठी, अशी वाटणी होऊन बसते. माझ्या मनात ती झाली होती. नागपूरला शिकायला गेल्यावर मी वर्गात तोंड उघडत नव्हतो, त्यामागे ही वाटणीही होती.

इतिहासाच्या बाबतीतही असेच झाले आहे. आमच्या गावाने शिवराय आणि संभाजीराजे यांच्यावरची नाटके जीव ओतून केली आणि पाहिली, आणि ती करावीतच. पण ज्या मातीत खड्डा खणतो त्या मातीतली माणसे रंगमंचावर क्वचितच येतात. नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळीपासून हजारो मालगुजारी तलाव खोदणाऱ्या अनाम हातांपर्यंत, ज्यांच्या पाण्यावर आमचा धान पिकतो, त्यांच्यावरचे एक नाटक मला आजवर पाहायला मिळालेले नाही. चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची, गोंड राणी हिराई, जिने पती बीरशहाची समाधी बांधली आणि त्याच्यामागे राज्य सांभाळले, ती चंद्रपूरच्या दगडांत दिसते पण खड्ड्यापुढे दिसत नाही. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यातले चिमूर पेटले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी तापलेल्या त्या गावाने इंग्रजांची सत्ता झुगारली आणि नंतर जे सोसले त्याच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. पहिल्या अंकात भजन आणि शेवटच्या अंकात उपोषण, इतके नाट्य तयार असताना आपण कथा दुसरीकडून का आणतो, हा प्रश्न मी घरी अनेकदा विचारला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने त्याचे उत्तर द्यायचे ठरवले. तो शेती करतो, हंगामात एका संस्थेत खलनायकाची कामे करतो आणि त्याचे अक्षर सुंदर आहे. त्याने निवडला बाबुराव शेडमाके. 1833 साली जन्मलेला, मोलमपल्लीच्या जमीनदार घरातला हा गोंड तरुण. 1857 च्या बातम्या चांद्यापर्यंत पोहोचल्यावर त्याने गोंड आणि रोहिले यांची फौज उभी केली, 1858 च्या मार्चमध्ये राजगड परगणा घेतला, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याला येऊन मिळाले, आणि एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. इंग्रजांना तो रणात सापडेना, तेव्हा त्यांनी अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर दडपण आणले. सप्टेंबरमध्ये तिच्या माणसांनी बाबुरावाला धरून दिले आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी दरवर्षी त्या दिवशी माणसे जमतात.

भावापुढे खरी अडचण भाषेची होती. बाबुराव घरात गोंडीच बोलत असणार. इंग्रजाशी दुभाष्यामार्फत, रयतेशी झाडीबोलीत आणि सैन्यातल्या रोहिल्यांशी हिंदुस्थानीत तो बोलत असावा, असा भावाचा अंदाज होता. त्याला प्रमाण मराठीत गर्जना करायला लावली की तो बाबुराव राहत नाही, कोणत्याही नाटकातला राजा होतो. मग त्याने ठरवले की देवाला हाक आणि आईशी बोलणे गोंडीत राहील, त्यासाठी गावातल्या एका गोंड आजोबांकडे तो महिनाभर जाऊन बसला, आणि बाकीचे सारे नाटक, फाशीच्या प्रसंगासकट, झाडीबोलीत राहील. ज्या संस्थेपुढे त्याने ही कल्पना प्रथम मांडली तेथे त्याला सांगण्यात आले की लोक हसतील. त्यांचे म्हणणे मला राग येण्याजोगे वाटले नाही, कारण लोकांना तशी सवय लावण्यात आम्ही सारेच सामील आहोत.

लक्ष्मीबाईचा प्रसंग त्याने तीन वेळा लिहिला. पहिल्या लेखनात ती निव्वळ दुष्ट होती. आबाजींच्या वयाच्या एका जुन्या नटाने ते ऐकून म्हटले की ही बाई खड्ड्यातल्या कोणालाच भिववणार नाही, कारण अशी बाई कोणी पाहिलेली नसते. जमिनीचा धाक आणि जमिनीचा लोभ एकाच छातीत असलेली माणसे मात्र आपण रोज पाहतो. या सूचनेनंतर तिला एक लांब भाषण मिळाले. आपल्या रयतेची घरे जळतील या भीतीने ती बोलू लागते आणि बोलता बोलता व्यंकटरावाच्या गावांवर येऊन थांबते. इतिहासात ती गावे तिला पुढे बक्षीस म्हणून मिळाली. माझ्या मते साऱ्या संहितेत हे भाषण सर्वांत चांगले उतरले आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणात या संहितेचे पहिले वाचन झाले. शेकोटीभोवती घरची आणि शेजारची पन्नासेक माणसे होती. भाऊ एकटाच सर्वांची भाषणे वाचत होता. पहिल्या प्रवेशात बाबुराव रयतेला म्हणतो, ‘हे पानी आपल्या बापानं अडवलं, यावर कोनाचा सिक्का चालत नाही,’ तेव्हा मागे बसलेली पोरे खरोखरच हसली. ती बोली कानावर पडताच हसायचे एवढेच त्यांना ठाऊक होते. भाऊ थांबला नाही. दुसऱ्या अंकात हसू तुरळक झाले, चिंचगुंडीच्या प्रवेशात पोरे सरकत सरकत शेकोटीच्या पुढे येऊन बसली, आणि लक्ष्मीबाईचे भाषण सुरू झाल्यावर विडी पेटवायलाही कोणी हात हलवला नाही.

फाशीचा प्रसंग त्याने रंगमंचावर दाखवलेलाच नाही. त्या सकाळी आई जुर्जाकुंवर अंगणात धान वाळवत बसली आहे, वाऱ्याने भुसा उडतो आहे, आणि लांबून ढोलाचा आवाज येऊन थांबतो, एवढेच तेथे लिहिले आहे. वाचन संपले तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. कोणीतरी चहा ठेवायला उठले. माझी आत्या, जिचे लग्न नाटकाच्या रात्री जुळले आणि जिने पन्नास वर्षांत एकही मंडई चुकवलेली नाही, ती पदर सावरत भावाकडे वळली.

‘मंग तिले कोनी सांगतलं रे?’

भावाने वही पुन्हा उघडली, शेवटचे पान काढले आणि समासात तो प्रश्न लिहून घेतला. आता तो चौथ्यांदा लिहितो आहे. मंडळाने येत्या मंडईची तारीख त्याच्यासाठी राखून ठेवली आहे आणि खड्डा खणायला मी चार दिवस आधी जाणार आहे.